सहकारी कॅश, मर्यादित

अवधूत मेहेंदळे यांच्या पीएच.डी.ला एक तप पूर्ण झालं, त्या दिवशी ते स्वतःच पेढे घेऊन घरी आले. एवढ्या मुदतीत पुराणातल्या ऋषींना देव प्रसन्न व्हायचे, वर मिळायचा. मेहेंदळे सरांना विद्यापीठाचं पत्र मिळालं होतं. शेवटची मुदतवाढ. हे सत्र संपायच्या आत प्रबंध मान्य झाला नाही, तर नोंदणी रद्द. सरांनी पेढा तोंडात टाकत ते पत्र बायकोला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बघ, विद्यापीठाला अजून माझी आठवण आहे." कल्याणी हसली नाही. तिने पेढ्यांचा पुडा उचलून फ्रिजमध्ये ठेवला.

दुसऱ्या कुणी हसायच्या आत आपण स्वतःला हसून घ्यायचं, ही युक्ती सरांना या बारा वर्षांनी शिकवली होती. ते एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे. हाताखालून गेलेली पोरं डॉक्टरेट घेऊन परत आली, विभागप्रमुख झाली, आणि सर आपले 'प्रा.' ते 'प्रा.'च. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे परदेशी गेले ते गेलेच. तिसऱ्या मार्गदर्शक डॉ. कादंबरी या त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारी विद्यार्थिनी. ती त्यांना 'सर' म्हणायची, ते तिला 'मॅडम' म्हणायचे, आणि नजरेला नजर नको म्हणून दोघंही प्रबंधाकडे बघत बोलायची. "हिला तेव्हाच नापास करायला हवं होतं," सर घरी सांगायचे, "पण मला कुठे दूरदृष्टी!"

विषय होता मोबाइलमधला सहकार. को-ऑपरेटिव्ह डेटा कॅशिंग. नाव ऐकून घाबरू नका, आत फार काही नाही. तुमच्या फोनला एखादी गोष्ट हवी आहे, समजा मुलाच्या शाळेचा व्हिडिओ. फोन काय करतो? टॉवरमार्गे थेट इंटरनेटवर धावतो. सरांचं म्हणणं, धावू नका. आधी आजूबाजूच्या फोनना विचारा, बाबांनो, कुणाकडे आहे का? वरच्या मजल्यावरच्याने तो सकाळीच उतरवून घेतलेला असतो, त्याची एक प्रत त्याच्या फोनच्या पोटात पडून असते. त्या पडून असलेल्या प्रतीला म्हणायचं कॅश. ती त्याने परस्पर तुमच्या फोनला द्यावी, तुम्ही तिसऱ्याला. थोडं तू सांभाळ, थोडं मी सांभाळतो, आणि मागितलं की द्यायचं. रेंज असो नसो, काम होतं. एवढीच गोष्ट, पण सरांनी तिच्यावर इतकी समीकरणं चढवली होती की आता ती त्यांनाही ओळखू येत नव्हती.

यातली गंमत कल्याणीने केव्हाच हेरली होती. सहकारावर डोकं शिणवणारा हा माणूस राहत होता पुण्याबाहेरच्या मांजरी गावात, एका सहकारी गृहरचना संस्थेत, आणि तिथे आजवर त्याने कुणाशी म्हणून सहकार केला नव्हता. कुणी शिडी मागायला आलं तर सर सांगायचे, आमची जरा डुगडुगते. कुणी जिन्यात थांबवून "काय चाललंय?" विचारलं तर "संशोधन," एवढंच बोलून वर. आठ वर्षं झाली तरी पहिल्याच वाक्यात "मी मूळचा नारायण पेठेतला" हे आलंच पाहिजे. जणू मांजरीला ते बदलीवर आलेत. मागे गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा ठराव आला, तेव्हा सर सभेत उभे राहिले. "या विषयातला तज्ज्ञ म्हणून सांगतो, नको," म्हणाले. खरं कारण असं की टॉवरचा जनरेटर बरोबर त्यांच्या बेडरूमवर आला असता. तज्ज्ञाचा शब्द कोण मोडणार? टॉवर गेला कालव्यापलीकडे, आणि तेव्हापासून त्या इमारतीत रेंज यायची ती फक्त गच्चीत किंवा गेटाशी. मधल्या मजल्यांवर फोन म्हणजे घड्याळ.

तर त्या पत्रानंतर कादंबरी मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "सर, कॉम्प्युटरवर खोटे फोन नाचवून झाले. आता खऱ्या माणसांच्या खऱ्या फोनवर चालवून दाखवा. बाहेरचे परीक्षक तेच विचारणार."

"माणसं कुठून आणू?"

"तुम्ही सोसायटीत राहता ना सर?"

"राहतो म्हणजे," सर म्हणाले, "फ्लॅट आहे तिथे."

पण दुसरा उपाय नव्हता. सरांनी 'शेजार' नावाचं अ‍ॅप आधीच बनवून ठेवलं होतं. ते सोसायटीतल्या फोनवर चढवायचं, फोन आपसात देवघेव करतात का ते बघायचं. घरोघर जाऊन सांगायचं म्हणजे माणसांशी बोलावं लागणार, म्हणून सरांनी लिफ्टमध्ये सूचना लावली. सूचना लिहिण्यात पुणेकराचा हात कोण धरणार? शुद्ध भाषा, मोजके शब्द: 'मोबाइलवरील सहकारी कॅश या उपक्रमात सहभागी होऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी नावे नोंदवावीत. कॅश सुरक्षित राहील. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.'

सरांनी ती दोनदा वाचली, एक वेलांटी सुधारली आणि समाधानाने वर आले. हा माणूस बारा वर्षं 'कॅश' या शब्दाबरोबर झोपत-उठत होता. जगातल्या बाकी सगळ्यांसाठी कॅश म्हणजे रोकड, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

संध्याकाळी पहिली बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आत आले, चप्पल काढली, आवाज खाली आणला आणि विचारलं, "व्याज काय देणार?" सर त्यांना समजावताहेत तोवर दुसरे आले; त्यांना मुदत ठेवीची चौकशी करायची होती. तिसऱ्या बाई दारातूनच म्हणाल्या, "आम्ही आधी बघू कोण कोण भरतंय ते." सरांच्या नाकी नऊ आले. आणि मग आले सोसायटीचे अध्यक्ष संपतराव, आणि त्यांच्यापुढे त्यांच्या आई मथुराबाई.

संपतराव मूळ मांजरीचे. इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची, तिथे ऊस असायचा. रोज संध्याकाळी गेटाशी खुर्ची टाकून बसायचा त्यांचा रिवाज. आल्यागेल्याची खबर तिथूनच मिळायची. ते बसले नाहीत.

"सर, तुमी शिकलेली मानसं. हे धंदे तुमाला शोभत न्हाईत."

"कसले धंदे?"

"सोसायटीत पतपेढी काढताय म्हनं. मोबाइलवर."

"पतपेढी? अहो, कुणी सांगितलं?"

"तुमीच लिवलंय की लिफ्टात!"

मथुराबाईंचा आवाज चढला. "त्यो पतपेढीवाला बी असाच गोड बोलायचा. सहकार सहकार करत दारात यायचा. आन् येक दिवस शटर खाली! म्हशी इकून ठेवलं व्हतं त्यात. 'सुरक्षित ऱ्हाईल' असंच लिवलं व्हतं मेल्याच्या बोर्डावर." म्हातारीचे डोळे भरून आले होते. सरांना खरंच वाईट वाटलं, पण वाईट वाटलं की ते शिकवायला लागत.

"मावशी, ही कॅश ती कॅश नव्हे. हिचं स्पेलिंग वेगळं आहे."

"स्पेलिंग येगळं काडूनच फसवत्यात," संपतराव म्हणाले.

"तसं नाही. समजा, एक नोड आहे..."

"आलं बग नोटेवर," मथुराबाई म्हणाल्या.

"नोट नाही हो, नोड! नोड!" सर जवळजवळ ओरडलेच. जाळ्यातल्या एकेका फोनला ते नोड म्हणायचे. गेली बारा वर्षं आपण समोरच्याला कळेल असं एक वाक्य बोललेलो नाही, हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं. शेवटी कल्याणी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"मावशी, परवा मी तुमच्याकडून विरजण नेलं की नाही?"

"नेलंस."

"माझं बिघडलं म्हणून मी डेअरीपर्यंत गेले का? आधी तुमचं दार वाजवलं. तुमच्याकडे नसतं तर तुम्ही सांगितलं असतं, खालच्या तनुजाकडे बघ. यांना फोनचं तेच करायचंय. फोनांनी एकमेकांकडून विरजण न्यायचं, बस. पैशाचा काडीचा संबंध नाही."

मथुराबाईंनी पदराने डोळे टिपले. "मग तसं सांगावं की मानसानं. मास्तर उगा कॅश कॅश करत्यात."

माणसं गेल्यावर सर म्हणाले, "आपल्याकडे विरजण शेजारचं असतं?"

"आल्यापासून."

आल्यापासून! आणि हे महाशय आल्यागेल्याला घरचं दही वाढून सांगायचे, बघा, पेठेतली चव आहे, इकडे अशी मिळायची नाही. सरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मी आठ वर्षं सहकार खातोय," ते म्हणाले, "आणि पचला मात्र नाही."

मग दोन संध्याकाळी सर खरंच दारोदार फिरले. विरजणाचा दाखला कल्याणीकडून उसना घेतला होता, तो सगळीकडे चालला. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि सगळे झाडून एकच प्रश्न विचारायचे, बॅटरी किती खाणार? अ‍ॅपमध्ये दोन बटणं होती, एक 'घेणे' आणि एक 'देणे'. दुसऱ्याला द्यायचं तर फोन सारखा जागा राहणार, म्हणजे बॅटरी खाणारच. सरांनी प्रत्येक दारात सांगितलं, "बॅटरीला धक्कासुद्धा लागत नाही. हा बघा माझा फोन, दोन्ही बटणं चालू." संपतरावांनी तर फोन हातात घेऊन बघितला आणि मग स्वतःचा पुढे केला. "तुमी म्हनता म्हनून," म्हणाले.

त्याच दिवशी सर घरी पोचले तेव्हा त्यांची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजात परीक्षा, फोन बंद पडून चालणार नव्हतं. सरांनी 'देणे'चं बटण बंद केलं. उद्यापुरतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सरांनी ठेवली नाही.

आणि प्रयोग चालला हो! सरांचा स्वतःचाच विश्वास बसेना. गेटाशी एखाद्या फोनला रेंज मिळायची, तिथे शाळेचा व्हिडिओ उतरायचा, आणि तो जिन्याजिन्याने, फोनाफोनाने वरपर्यंत चढायचा. मथुराबाईंना पलंगावर बसून कीर्तन ऐकायला मिळू लागलं. फजितीही झाली. टँकरची वेळ कुणाच्या तरी फोनमध्ये आदल्या दिवशीची पडून होती. तीच शेजाऱ्यांनी एकमेकांना मोठ्या मनाने वाटली, आणि सकाळी सगळी इमारत बादल्या घेऊन काल येऊन गेलेल्या टँकरची वाट बघत उभी. त्यात सरही होते. त्यांनी तिथेच बादलीवर बसून उपाय शोधला: दुधाच्या पिशवीवर तारीख असते तशी प्रत्येक गोष्टीला मुदत चिकटवायची, मुदत टळली की फोनने ती फेकून द्यायची. लोक हसले, पण चांगलं हसले. जिन्यात थांबवून "सर, आज टँकर ताजा आहे ना?" असं विचारू लागले. सरांना हे आवडायला लागलं होतं आणि ते कुणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती.

प्रबंधाचं पाचवं प्रकरण हे सरांचं लाडकं. त्याचा विषय, स्वार्थी फोन. जो सगळ्यांकडून घेतो आणि मागितलं की गप्प बसतो, तो कसा ओळखायचा? सरांची रीत अशी की असा फोन सापडला की शेजारच्या फोननी त्याला वाळीत टाकायचं. त्याने मागितलं तरी कुणी काही द्यायचं नाही. फक्त अडचण अशी की प्रयोगात कुणीतरी स्वार्थी निघायला हवं होतं, आणि सोसायटी तर दिलदार निघाली. सर खट्टू झाले होते. अ‍ॅप प्रत्येक फोनला नावाऐवजी नुसता क्रमांक द्यायचं. त्या आकड्यांत एका दुपारी त्यांना सतरा नंबर दिसला. रोज भरभरून घेतलेलं. दिलेलं काही नाही. आणि बाकीच्या फोननी नियमाप्रमाणे त्याला वाळीत टाकलेलं! सर खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी राहिले.

"कल्याणी, सापडला! अस्सल स्वार्थी! असा नमुना शोधून मिळत नाही."

"कोण?"

"नाव नाही येत. पण सांगायला कशाला पाहिजे? अध्यक्ष. दुसरं कोण? गेटाशी बसून घ्यायचंच ठाऊक."

कल्याणी म्हणाली, "खात्री करून घ्या." सर म्हणाले, "तज्ज्ञ मी आहे." त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या फोनवर काही म्हणजे काही येईनासं झालं होतं. सरांनी त्याबद्दल मांजरीच्या रेंजला यथेच्छ शिव्या घातल्या.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती. सरांना उपक्रमाबद्दल चार शब्द सांगायची विनंती झाली. चार शब्दांवर थांबले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, टँकरचा किस्सा सांगितला, लोक हसले, आणि त्या हसण्याने सरांना चढली. "बाकी सगळे सहकारी," ते म्हणाले, "पण एक सभासद नुसतं घेतात. देण्याच्या नावाने पूज्य. सतरा नंबर. मी कुणाचं नाव घेत नाही. पण सहकाराचं अध्यक्षपद भूषवणाऱ्यांनी तरी मर्यादित हा शब्द इतका मनावर घेऊ नये."

कुणी हसलं नाही. संपतराव सावकाश उठले.

"माजं नाव घेतलं तुमी?"

"नाव नाही घेतलं."

"मग घ्यायचं काय ऱ्हायलं? आता हितंच बगू. सगळ्यांनी फोन काडा. नंबर वाचा आपापला."

क्रमांक अ‍ॅपमध्ये वरच्या कोपऱ्यात दिसायचा. एकेक जण चष्मा सावरत वाचू लागला. संपतराव निघाले चार नंबर. सरांनी मनातल्या मनात आकडे आठवले; चार नंबर हा सगळ्यांत जास्त देणारा फोन होता. साहजिकच होतं. संध्याकाळभर गेटाशी रेंजमध्ये बसणारा माणूस तोच. निम्मी इमारत त्याच्या फोनवर जगत होती. पुढचे नंबर येत गेले, तनुजाचा, मथुराबाईंचा, चौकीदाराचा. सतरा काही येईना. सर म्हणाले, "कुणीतरी आज आलेलं नाही वाटतं."

"अहो," कल्याणी हळूच म्हणाली, "तुमचा बघा."

सरांनी खिशातून फोन काढला. कोपऱ्यात सतरा होते. खाली 'घेणे' हिरवं आणि 'देणे' करडं, त्या परीक्षेच्या दिवसापासून तसंच. सरांना ते बटण आठवलं, आणि पार्किंगमधली जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. सवयीने तोंडातून एक विनोद निघाला. "चला, चोर घरातच सापडला."

त्या विनोदालाही कुणी हसलं नाही. मथुराबाई म्हणाल्या, "मास्तर, बॅटरीला धक्का लागत न्हाय, असं माज्या दारात सांगितलं व्हतं." ओरडल्या नाहीत, नुसतं सांगितलं. मग संपतरावांनी फोन वर धरला, सगळ्यांना दिसेल असं अ‍ॅप काढून टाकलं आणि खुर्ची उचलून निघून गेले. त्यांच्यामागे एकेकाने तेच केलं.

वर आल्यावर सर बराच वेळ बूट न काढता बसले. "स्वार्थी नोडवर प्रबंध लिहिणारा स्वतः..." असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. कल्याणीने मध्येच तोडलं.

"पुरे. तुम्ही स्वतःला हसता ना, ते पुढच्याने बोलू नये म्हणून. आधी आपणच हसलं की माफी मागायला नको. मला कंटाळा आलाय त्याचा."

सरांनी वाकून बूट काढले. ती बोलली ते खरं होतं आणि ते फार लागलं.

प्रयोगाचे थोडे दिवस राहिले होते ते गेले, पण जमलेली माहिती पुरेशी होती. पाचवं प्रकरण तर झकास उभं राहिलं. मूळ सामग्रीच उत्तम दर्जाची होती. कादंबरी मॅडमनी विचारलं, "सर, सतरा नंबर कोण, असं परीक्षकांनी विचारलं तर?" सरांना वाटलं होतं, 'एक सभासद' म्हणून निभावून नेऊ. पण व्हायव्हाच्या दिवशी परगावच्या परीक्षकांनी पाचवं प्रकरण उघडून नेमकं तेच विचारलं, आणि सर म्हणाले, "मी." कसं निघालं त्यांनाच कळलं नाही. कादंबरी मॅडम प्रबंधाकडे बघत बसल्या.

परीक्षक म्हातारे होते, शांत होते. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "बरं. मग मला सांगा, हा सतरा नंबर वाळीत पडला. उद्या तो सुधारला, द्यायला लागला. त्याला परत घ्यायची काय सोय आहे तुमच्या रीतीत?"

सरांनी पानं उलटली. उलटायची गरज नव्हती. "नाही."

"एकदा बाहेर तो कायमचा बाहेर?"

"हो."

"का बरं?"

"सर, लिहिताना मी स्वतःला कायम आतच धरलं होतं."

परीक्षकांनी लिहिलं: परत घेण्याची रीत जोडावी, त्याच फोनवर तपासून दाखवावी, मग पदवी. सत्र संपायला फार दिवस नव्हते. त्याच फोनवर म्हणजे काय, ते त्या सद्गृहस्थांना ठाऊक नव्हतं. सरांना होतं.

परत घेण्याची रीत लिहायला आठवडा पुरला. संपतरावांच्या मजल्यापर्यंत जिना उतरायला त्याहून जास्त लागला. शेवटी एका संध्याकाळी सर उतरले. वाटेत त्यांनी तीन विनोद तयार केले, तिन्ही स्वतःवरचे, त्यातला एक तर फारच चांगला होता. बेल वाजवली. आतलं दार उघडलं, बाहेरची लोखंडी जाळी बंदच राहिली. जाळीपलीकडे संपतराव. सरांनी पहिल्या विनोदासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

"संपतराव, माझं चुकलं. तुमच्यावर भलता आळ घेतला, तोही चारचौघांत. आणि दारोदार खोटं बोललो. मला सगळ्यांचे फोन परत हवेत, त्याशिवाय माझं काम पुरं होत नाही. पण द्यायचे की नाही ते आपण ठरवा. नाही म्हणालात तरी माफी मागायची होतीच."

आतून मथुराबाईंचा आवाज आला, "कोन आलंय रं?"

"सतरा नंबर," संपतरावांनी आत सांगितलं.

सरांना हसू आलं नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"आदी तुमचा फोन दावा," संपतराव म्हणाले.

सरांनी फोन जाळीतून आत दिला. संपतरावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. बराच वेळ पडदा वाचला.

"देने चालू हाय."

"हो."

"कवापास्नं?"

"त्या रविवारपासून."

"अवो पन समद्यांनी काडून टाकलं की त्ये. घेनारं कोन हाय?"

"कुणी नाही."

"आन् तरी चालू?"

"बंद करावंसं वाटलं नाही."

संपतरावांनी परत पडद्याकडे बघितलं. कोपऱ्यातली बॅटरीची खूण लाल झाली होती; बघता बघता फोन त्यांच्या हातातच विझला. त्यांनी जाळीची कडी काढली.

"आये," त्यांनी आत आवाज दिला, "चार्जर कुटं ठेवलास? सरांचा फोन लावायचाय."